आमच्यासाठी आम्हीच बोलू : डॉ. मार्टिन डिलेनी यांचे जीवन, पत्रे आणि एक फसलेली युती

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आंबेडकरी तरुणांना परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरचे नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आले. डग्लस, किंग, माल्कम एक्स ही नावे आपल्या व्याख्यानमालांत नेहमी येतात. पण एक नाव क्वचितच ऐकू येते. ते म्हणजे डॉ. मार्टिन रॉबिसन डिलेनी.

डिलेनी वैद्य होते, संपादक होते, कादंबरीकार होते, लष्करात मेजर होते आणि शेवटी राजकारणी झाले. आपल्या लोकांचे नेतृत्व आपल्याच लोकांनी करावे, हा विचार त्यांनी आयुष्यभर भाषणांतून, पुस्तकांतून आणि विशेषतः पत्रांतून मांडला. आणि याच माणसाने आयुष्याच्या उतरणीला जुन्या गुलाममालकाच्या बाजूने प्रचार केला. म्हणून हे चरित्र आरतीसाठी नाही, अभ्यासासाठी आहे असे आम्ही मानतो.

अंकलिपीचा गुन्हा

६ मे १८१२ रोजी व्हर्जिनिया राज्यातील चार्ल्स टाउन येथे डिलेनी यांचा जन्म झाला. वडील सॅम्युएल गुलाम होते, आई पॅटी मुक्त होती. आई मुक्त असेल तर मूल मुक्त, असा तिथला कायदा होता. म्हणून मार्टिन जन्माने मुक्त ठरले. पण कागदावरचे स्वातंत्र्य किती तकलादू असते हे त्या घराने रोज अनुभवले.

व्हर्जिनियात काळ्या मुलांना लिहा-वाचायला शिकवणे बेकायदा होते. एका फेरीवाल्याकडून या घराला एक अंकलिपी मिळाली आणि तीवरून भावंडे लपूनछपून अक्षरे गिरवू लागली. गोष्ट बाहेर फुटली. शिक्षा होणार हे दिसताच पॅटी १८२२ साली मुलांना घेऊन पेनसिल्व्हेनियातील चेंबर्सबर्गला निघून गेली. नवरा गुलामीत मागे राहिला. त्याने पुढे स्वतःचे मोल भरून सुटका करून घेतली आणि तो कुटुंबाला येऊन मिळाला. सावित्रीमाईंचा वारसा सांगणाऱ्या आपल्या समाजाला या आईची ओळख वेगळी करून द्यायला नको. अक्षरासाठी तिने घर सोडले, गाव सोडले.

१८३१ साली एकोणीस वर्षांचे मार्टिन डोंगर ओलांडून पायी पिट्सबर्गला पोहोचले. तिथे कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये चालणाऱ्या शाळेत ते शिकले. मग डॉ. अँड्र्यू मॅकडॉवेल या गोऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली वैद्यकी शिकू लागले. तुंबड्या लावणे, जळवा लावणे ही त्या काळची उपचारपद्धती. त्या कामावर त्यांनी पोट भरले. पुढे १८५४ साली पिट्सबर्गमध्ये पटकीची साथ आली. बरेच डॉक्टर शहर सोडून गेले, डिलेनी मात्र रोग्यांपाशी राहिले.

वृत्तपत्र आणि वाटेवरची पत्रे

१८३८ साली पेनसिल्व्हेनियाने नवी राज्यघटना करून मुक्त काळ्या पुरुषांचा मताधिकार काढून घेतला. मिळालेला हक्क बहुमताच्या जोरावर परत काढून घेता येतो, हा धडा डिलेनी यांना तरुणपणीच मिळाला. १८४३ साली त्यांनी 'द मिस्टरी' नावाचे वृत्तपत्र काढले. त्याच वर्षी कॅथरीन रिचर्ड्स यांच्याशी त्यांचे लग्न झाले. या दांपत्याने मुलांची नावेसुद्धा विचारपूर्वक ठेवली. एका मुलाचे नाव हैतीच्या गुलामक्रांतीचा सेनापती तूसाँ लूव्हर्त्यूर याच्यावरून ठेवले, तर मुलीचे नाव इथिओपिया. मालकाने दिलेली नावे पिढ्यान्‌पिढ्या वागवणाऱ्या समाजात हे बंडच होते. धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, गौतमी, सुजाता ही नावे का आली, हे ज्याला कळते त्याला हे बंडही कळेल.

१८४७ च्या अखेरीस फ्रेडरिक डग्लस यांनी रॉचेस्टर शहरातून 'नॉर्थ स्टार' हे वृत्तपत्र सुरू केले. डिलेनी सहसंपादक झाले. डग्लस कार्यालय सांभाळत आणि डिलेनी गावोगाव हिंडून वर्गणीदार जमवत, सभा घेत. या भटकंतीत त्यांनी डग्लस यांना लिहिलेली पत्रे वृत्तपत्रात छापली जात. कुठल्या गावात काळ्यांची शाळा आहे, कोण कारागीर स्वतःच्या हिमतीवर उभा आहे, कुठे खाणावळीत जागा नाकारली, हे सगळे त्यांत असे. १८४८ साली ओहायोतील एका गावात गोऱ्यांच्या जमावाने त्यांना जिवंत जाळण्याची धमकी दिली. ते कसेबसे वाचले आणि पुढच्या गावी सभा घ्यायला निघाले. आपल्याकडे मूकनायक, बहिष्कृत भारत ही पत्रे कशी चालली, वर्गणीअभावी कशी अडली, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना या पायपिटीचे मोल सांगायला नको. पैशाची ओढाताण होतीच. १८४९ साली डिलेनी वृत्तपत्रातून बाहेर पडले आणि पुन्हा वैद्यकीकडे वळले.

हार्वर्डचे दार

रीतसर वैद्यकीय शिक्षण घ्यायचे त्यांनी ठरवले. अनेक महाविद्यालयांनी कातडीचा रंग पाहून नकार दिला. अखेर १८५० च्या हिवाळ्यात हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना आणि डॅनियल लेंग, आयझॅक स्नोडेन या आणखी दोघा कृष्णवर्णीयांना प्रवेश दिला. डिलेनी तेव्हा अडतीस वर्षांचे होते, लेकुरवाळे होते.

काही आठवड्यांतच गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने अर्ज केला. काळ्यांसोबत बसल्याने आमच्या पदवीची किंमत कमी होईल, असा त्यांचा सूर होता. दुसऱ्या काही विद्यार्थ्यांनी याच्या उलट अर्जही केला, याची नोंद घेतली पाहिजे. पण अधिष्ठाता ऑलिव्हर वेंडेल होम्स आणि त्यांच्या सहकारी प्राध्यापकांनी विरोधकांपुढे मान तुकवली. चालू सत्र पुरे करा, पुढच्या सत्राला येऊ नका, असा निर्णय झाला. त्याच सुमारास हॅरियट हंट या स्त्रीने प्रवेश मागितला होता, तिलाही विद्यार्थ्यांच्या विरोधामुळे माघार घ्यावी लागली. जात म्हणा, वंश म्हणा की लिंग, दार एकच होते आणि कुलूपही एकच.

गुणवत्ता घसरेल हे कारण आपण आजही ऐकतो. राखीव जागेवर आलेल्या मुलांना वसतिगृहात, प्रयोगशाळेत, वॉर्डात ज्या नजरेने पाहिले जाते ती नजर पावणेदोनशे वर्षे जुनी आहे. फरक इतकाच की डिलेनी यांच्या पाठीशी कायदा नव्हता आणि आपल्या पाठीशी संविधान आहे.

त्याच १८५० साली पळून गेलेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करण्याचा कडक कायदा झाला. हार्वर्डचे दार आणि हा कायदा या दोन घावांनी डिलेनी यांचा अमेरिकेवरचा विश्वास उडाला.

कैवाऱ्यांना लिहिलेली पत्रे

१८५२ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती, उन्नती, स्थलांतर आणि भवितव्य यांवर पुस्तक लिहिले. आम्ही या राष्ट्राच्या पोटातले एक वेगळे राष्ट्र आहोत, असे त्यांनी त्यात मांडले. गुलामीविरोधी गोऱ्या सुधारकांवरही त्यांनी बोट ठेवले. सभेत समतेची भाषा बोलणारे हे लोक आपल्या पेढीवर, कार्यालयात काळ्यांना झाडूवाल्याखेरीज काम का देत नाहीत, हा त्यांचा सवाल होता. पुस्तकावर टीका झाली. डिलेनी यांनी गुलामीविरोधी चळवळीचे अग्रणी विल्यम लॉइड गॅरिसन यांना पत्र लिहून आपली बाजू मांडली. डग्लस यांनी पुस्तकाची दखलच घेतली नाही, म्हणून जुन्या सहकाऱ्यालाही त्यांनी खरमरीत पत्र धाडले.

१८५३ सालचा पत्रव्यवहार तर प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासावा असा आहे. हॅरियट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी तेव्हा तुफान खपत होती. कृष्णवर्णीय मुलांसाठी उद्योगशाळा काढायला स्टोबाईंची मदत घ्यावी, असे डग्लस यांचे मत होते. डिलेनी यांनी विरोध केला. आमच्या मुलांनी काय शिकावे हे ठरवताना आधी आमच्यातल्या जाणत्यांना विचारा, बाहेरच्या बाईंना आमच्याविषयी काय ठाऊक, असा त्यांचा रोख होता. कादंबरीसाठी ज्याच्या जीवनकथेचा आधार घेतला त्या जोसाया हेन्सन या पूर्वीच्या गुलामाला नफ्यातला वाटा मिळावा, असेही त्यांनी सुचवले. डग्लस यांनी उत्तर दिले की मदत कुणाकडूनही आली तरी ती घ्यावी, आणि टीका करणाऱ्यांनी स्वतः काय उभे केले तेही सांगावे.

यात कोण बरोबर? आम्हाला वाटते, दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. उपाशी माणसाने भाकरी देणाऱ्याचा हात झिडकारावा असे कुणी म्हणणार नाही. पण आपल्या वेदनेची कथा दुसऱ्याने सांगायची, मान त्याने मिळवायचा आणि आपण श्रोत्यांत बसायचे, हे किती काळ चालू द्यायचे? दलित जीवनावरचे चित्रपट, पुस्तके, परिसंवाद पाहताना हा प्रश्न आपल्यालाही पडतो. डिलेनी यांनी तो १८५३ सालीच छापील पत्रांतून विचारला होता. दोघे नेते जाहीरपणे भांडले, पण मुद्द्यावर भांडले, हेही शिकण्यासारखे आहे.

देश सोडावा की काय सोडावे?

१८५४ साली क्लीव्हलँड येथे डिलेनी यांनी स्थलांतराची परिषद भरवली. तीत स्त्रियाही प्रतिनिधी होत्या. काळ्यांना लायबेरियात पाठवण्याची गोऱ्यांच्या वसाहत संस्थेची योजना त्यांना मान्य नव्हती, कारण तिच्यामागे मुक्त काळ्यांची ब्याद टाळण्याचा हेतू त्यांना दिसत होता. जायचे तर आपल्या निर्णयाने आणि आपल्या नेतृत्वाखाली, हा त्यांचा आग्रह होता. १८५६ साली ते कुटुंबासह कॅनडातील चॅटम येथे गेले. १८५९ साली ते पश्चिम आफ्रिकेत गेले आणि आजच्या नायजेरियातील अबेओकुटाच्या राजाशी त्यांनी वसाहतीचा करार केला. मिशनरी आणि इंग्रज यांच्या विरोधामुळे आणि तिथल्या लढायांमुळे तो तडीस गेला नाही.

१८६० च्या जुलैमध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेत डिलेनी हजर होते. लॉर्ड ब्रूम यांनी भर सभेत अमेरिकेच्या राजदूतांना उद्देशून, इथे एक निग्रो सभासद बसला आहे हे ध्यानात घ्या, असे सुचवले. राजदूत गप्प बसले. डिलेनी उठले, आभार मानले आणि मी माणूस आहे एवढेच ठामपणे सांगून खाली बसले. सभागृहात टाळ्यांचा गजर झाला. अमेरिकेचा अधिकृत प्रतिनिधी मात्र रागाने निघून गेला.

इथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. अपमानाच्या व्यवस्थेतून बाहेर पडायचे, हा निर्धार डिलेनी यांचा होता आणि बाबासाहेबांचाही. डिलेनी यांनी देश सोडण्याचा मार्ग शोधला. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली, १९५६ साली नागपुरात ती पुरी केली आणि देशावरचा हक्क मात्र तसूभरही सोडला नाही. कराराचा कागद फाटताच डिलेनी यांची वाट बंद झाली. धम्माची वाट कुणा राजाच्या सहीवर अवलंबून नव्हती.

मेजर डिलेनी

१८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि डिलेनी यांना अमेरिकेत पुन्हा आशा दिसू लागली. त्यांनी कृष्णवर्णीय सैनिकांची भरती केली. थोरला मुलगा तूसाँ मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीत दाखल झाला. सैनिकभरतीसाठी त्यांनी युद्धमंत्री स्टँटन यांच्याशीही पत्रव्यवहार केला. फेब्रुवारी १८६५ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना भेटले. काळ्या अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली काळे सैन्य दक्षिणेत घुसवावे, ही योजना त्यांनी मांडली. त्याच महिन्यात त्यांना मेजर हा हुद्दा मिळाला. लढाऊ दलात या हुद्द्यावर पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय अधिकारी.

१४ एप्रिल १८६५ हा दिवस पाहा. चार्ल्सटन बंदरातील फोर्ट सम्टरवर संघराज्याचा झेंडा पुन्हा चढला, त्या सोहळ्याला डिलेनी तिथे होते. त्याच रात्री वॉशिंग्टनमध्ये लिंकन यांना गोळी लागली. आणि त्याच दिवशी ओहायोतील विल्बरफोर्स येथे विद्यापीठाच्या इमारतीला आग लागली, तीत डिलेनी यांची तिथे ठेवलेली पत्रे, हस्तलिखिते, आफ्रिकेतून आणलेल्या वस्तू जळून खाक झाल्या. आज त्यांची जी पत्रे मिळतात ती प्रामुख्याने वृत्तपत्रांत छापली गेली म्हणून, सरकारी दप्तरांत राहिली म्हणून, किंवा दुसऱ्यांनी जपली म्हणून.

युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्यात त्यांनी दक्षिण कॅरोलायनातील हिल्टन हेड येथे १८६८ पर्यंत काम केले. जुन्या मालकांच्या शब्दावर विसंबून पडेल त्या मजुरीत राबू नका, असे त्यांनी जुलै १८६५ मध्ये सेंट हेलेना बेटावरील सभेत सांगितले. गोऱ्या लष्करी अधिकाऱ्याने या भाषणाचा अहवाल घाबरून वरिष्ठांकडे पाठवला. जमीन, भांडवल आणि श्रम यांना पिकाचा सारखा वाटा मिळावा, अशी योजनाही डिलेनी यांनी लेखांतून मांडली.

शेवटचा डाव

दक्षिण कॅरोलायनात काळ्यांची बहुसंख्या होती आणि त्यांना मताधिकार मिळाला होता. रिपब्लिकन पक्ष त्यांच्या मतांवर सत्तेत आला. पण मलईदार पदे गोऱ्यांच्या आणि काही मोजक्या उजळ वर्णाच्या लोकांच्या हाती जातात, अशी डिलेनी यांची तक्रार होती. १८७१ साली त्यांनी डग्लस यांना लिहिलेल्या जाहीर पत्राचा हाच विषय होता. डग्लस यांना रंगाच्या मापाने पदे वाटण्याची कल्पना पटली नाही आणि त्यांनी तसे जाहीर उत्तर दिले.

१८७४ साली डिलेनी स्वतंत्र रिपब्लिकनांच्या वतीने उपराज्यपालपदासाठी उभे राहिले आणि हरले. पुढे चार्ल्सटनमध्ये त्यांना कनिष्ठ न्यायाधीशाचे पद मिळाले. चर्चच्या पैशांच्या एका व्यवहारात त्यांच्यावर खटला झाला आणि ते दोषी ठरले. राज्यपालांनी माफी दिली, पण पद गेले.

१८७६ च्या निवडणुकीत त्यांनी आयुष्यातला सर्वांत वादग्रस्त निर्णय घेतला. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार वेड हॅम्प्टन यांना त्यांनी पाठिंबा दिला. हॅम्प्टन बडे जमीनदार, पूर्वीचे गुलाममालक आणि गुलामीच्या बाजूने लढलेले सेनापती. काळ्यांच्या हक्कांना हात लावणार नाही, असा शब्द त्यांनी दिला होता. उत्तरेकडचा आधार आटतो आहे, रिपब्लिकन भ्रष्ट झाले आहेत, जमीन आणि पैसा गोऱ्यांच्या हाती आहे, तेव्हा जुळवून घेण्यातच शहाणपण, असा डिलेनी यांचा हिशेब होता. पण त्याच वर्षी हॅम्बर्ग येथे काळ्यांचे हत्याकांड झाले होते आणि हॅम्प्टन यांचे लाल सदरेवाले समर्थक बंदुका घेऊन फिरत होते. सामान्य काळ्या मतदारांना हे डोळ्यांपुढे दिसत होते. एडिस्टो बेटावर त्यांनी ढोल बडवून डिलेनी यांचे भाषण ऐकायला नकार दिला. केनहॉय येथे सभेत गोळीबार झाला.

हॅम्प्टन सत्तेवर आले. १८७७ मध्ये संघराज्याचे सैनिक मागे गेले. डिलेनी यांना न्यायाधीशपद परत मिळाले आणि थोड्याच काळात तेही गेले. १८८२ साली दक्षिण कॅरोलायनाने वेगवेगळ्या पदांसाठी आठ वेगवेगळ्या मतपेट्या ठेवण्याचा कायदा केला. चुकीच्या पेटीत पडलेले मत बाद. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाचू दिले नाही त्यांचीच मते बाद व्हावीत, यासाठी ही युक्ती होती. १८९५ च्या राज्यघटनेने उरलेसुरले हक्कही काढून घेतले. ज्या आईने अंकलिपीसाठी गाव सोडले, तिच्या मुलाने ज्यांना साथ दिली त्यांनीच न वाचता येण्याची सजा कायद्यात लिहिली.

डिलेनी विकले गेले असे आम्ही म्हणणार नाही. पन्नास वर्षे झिजलेल्या माणसावर असा शिक्का मारणे सोपे असते. पण त्यांनी शब्दावर विश्वास ठेवला आणि हातात काहीच राखले नाही, हे मात्र खरे. प्रस्थापितांशी युती करताना आपली संघटना, आपले वृत्तपत्र, आपला मतदार यांपैकी काय आपल्या ताब्यात राहणार, हे आधी विचारायचे असते. एका पुढाऱ्याला मिळालेले पद म्हणजे समाजाला मिळालेली सत्ता नव्हे. आणि बेटावर ढोल बडवणारी अडाणी म्हटली जाणारी माणसे कधी कधी ग्रंथ लिहिणाऱ्या पुढाऱ्यापेक्षा लांबचे पाहतात. रिपब्लिकन पक्षातील घटक आपणही पाहिले आहेत, तेव्हा हे फार सांगण्याची गरज नाही.

कबरीवरचे नाव

१८७८ साली अझोर नावाचे जहाज चार्ल्सटनहून दोनशेवर प्रवासी घेऊन लायबेरियाला गेले. त्या कंपनीच्या कामात डिलेनी होते. जहाज पोहोचले, पण वाटेत अनेक प्रवासी दगावले आणि कंपनी बुडाली. शेवटी थकलेले डिलेनी कुटुंबाकडे विल्बरफोर्सला परतले. घर सावरले ते कॅथरीनबाईंनी, शिवणकाम करून. २४ जानेवारी १८८५ रोजी डिलेनी यांचे तिथेच निधन झाले. सव्वाशे वर्षांच्या आसपास त्यांच्या कबरीवर एक लहानसा सरकारी दगड होता आणि त्यावर त्यांचे नावही चुकीचे कोरलेले होते. २००६ साली तिथे साजेसे स्मारक उभे राहिले.

त्यांची आठवण शिल्लक राहिली त्यात एका स्त्रीचा वाटा मोठा आहे. फ्रान्सिस रोलिन या तरुण कृष्णवर्णीय शिक्षिकेने त्यांच्याकडून हकिगती आणि कागदपत्रे मिळवून १८६८ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. प्रकाशनासाठी तिला पुरुषी वाटेल असे फ्रँक हे नाव घ्यावे लागले. आगीत जळालेले परत आले नाही, पण तिने लिहिले म्हणून निदान एवढे उरले.

आपल्या वस्त्यांतही अनेक जुने कार्यकर्ते आहेत, ज्यांच्या पत्र्याच्या पेटीत समता सैनिक दलाची, भूमिहीनांच्या सत्याग्रहाची, नामांतराच्या लढ्याची पत्रे, पत्रके, पावत्या पडून आहेत. पावसात भिजण्याआधी, रद्दीत जाण्याआधी त्यांच्याकडे जा. पत्रांचे फोटो घ्या, तारीख आणि नाव नीट लिहून ठेवा, त्यांच्या तोंडची हकिगत नोंदवा. त्यांचे शहाणपण लिहा आणि फसलेले डावही लिहा. आमच्यासाठी आम्हीच बोलू असे म्हणायचे असेल, तर आधी आमचे कागद आमच्यापाशी हवेत.